अर्ध्या हंगामात बदललेले कॉलेज

१५ जानेवारी २०२६ रोजी खाशाबा जाधव यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचा हा पैलवान १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला आणि स्वतंत्र भारताच्या नावावर पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक लागले. त्यांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांत प्रतिमापूजन होते, भाषणे होतात, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी खाशाबांच्या हेलसिंकीच्या प्रवासासाठी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले ती हकिगत पुन्हा एकदा सांगितली जाते. ती सांगितलीच पाहिजे. मात्र त्याच कॉलेजातली त्याआधीची एक हकिगत आहे, ती भाषणांत सहसा येत नाही.

खाशाबा कॉलेजच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेले, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांची किरकोळ अंगकाठी पाहून नाव लिहून घ्यायला नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्यापेक्षा दांडग्या मल्लांना आस्मान दाखवले. पुढे हेलसिंकीच्या निवडीच्या वेळीही तेच घडले. मद्रासच्या स्पर्धेत त्यांना एका गुणाने मागे टाकण्यात आले. तो निर्णय पक्षपाती आहे असे त्यांना वाटले, म्हणून त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली, खाशाबांनी ती चीतपट मारली आणि हेलसिंकीचा रस्ता मोकळा झाला.

म्हणजे आपल्या या पहिल्या पदकवीराला ‘तू पात्र नाहीस’ हे दोनदा ऐकावे लागले. दोन्ही वेळा तो वाचला, कारण त्या निर्णयाच्या वर कोणीतरी होते आणि त्या कोणीतरीने ऐकून घेतले. शताब्दीच्या निमित्ताने आम्हाला एवढेच विचारायचे आहे की आज हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्याच्या, वसमतच्या, औंढ्याच्या मैदानावर खेळणाऱ्या पोराला किंवा पोरीला ‘या वर्षी तुला खेळता येणार नाही’ असे कोणी सांगितले, तर त्याने किंवा तिने कोणाकडे जायचे?

हे वाक्य आमच्या भागात प्रत्येक हंगामात कानावर येते. त्याचे सगळ्यात मोठे कारण आहे वर्षाच्या मध्यावर बदललेले कॉलेज. आपल्याकडे विद्यापीठांच्या स्पर्धांचा हंगाम साधारण सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चालतो. आधी झोनचे सामने, मग इंटरझोनल, त्यातून विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी, मग शिबिर, आणि शेवटी पश्चिम विभागीय व अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. हे सगळे ज्या महिन्यांत घडते, नेमक्या त्याच महिन्यांत महाराष्ट्रातले हजारो विद्यार्थी कॉलेज बदलत असतात. मौजेखातर कोणी बदलत नाही. आपल्या प्रवेशप्रक्रियेची घडीच तशी बसली आहे.

ही घडी नीट पाहू. बारावीचा निकाल उन्हाळ्यातच लागतो, सीईटीही झालेली असते. पण फार्मसी, कृषी, अभियांत्रिकी यांच्या केंद्रीय प्रवेशाच्या म्हणजे कॅपच्या फेऱ्या पाऊस सरला तरी संपत नाहीत. फार्मसीच्या फेऱ्या तर अलीकडच्या वर्षांत दिवाळीपर्यंत आणि त्याच्याही पुढे लांबल्या. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीने तोवर घरी बसून राहायचे का? वर्ष वाया जाऊ नये म्हणून ती जवळच्या कॉलेजात बी. एस्सी.ला प्रवेश घेऊन ठेवते. असे धरू की ती कबड्डी खेळते, डाव्या कोपऱ्यावर उभी राहते आणि तिच्या हातात घोटा सापडला की चढाई करणारी परत जात नाही. कॉलेजच्या क्रीडा संचालकांना अशी मुलगी पहिल्या आठवड्यातच दिसते. तिचे नाव संघात जाते. सप्टेंबरात झोनचे सामने होतात, ती दोन सामने खेळते. ऑक्टोबरात कॅपच्या पुढच्या फेरीत तिला परभणीच्या कृषी महाविद्यालयात जागा मिळते. घरात पेढे वाटले जातात. ती टीसी काढते, मायग्रेशनसाठी नांदेडला विष्णुपुरीच्या विद्यापीठात चकरा मारते आणि नव्या कॉलेजात दाखल होते. तिथल्या मैदानावर सरावाला गेल्यावर विचारणा होते, ‘या वर्षी आधी कुठे खेळली होतीस का?’ ती खरे सांगते, आणि खरे सांगितल्यामुळे बाहेर बसते.

वसमत आणि परभणी यांच्यात अंतर ते किती! पण वसमतचे बी. एस्सी. कॉलेज स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेले, आणि कृषी महाविद्यालय वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे. विद्यार्थिनीच्या लेखी ती शेजारच्या गावी शिकायला गेली. क्रीडा विभागाच्या कागदावर ती एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेली. नर्सिंग किंवा आयुर्वेदाला जागा मिळाली तर तिचे विद्यापीठ नाशिकचे होते. तंत्रशिक्षणाची काही महाविद्यालये लोणेऱ्याच्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्यामुळे गाव न सोडता, त्याच एसटीने, त्याच थांब्यावर उतरूनसुद्धा विद्यापीठ बदलू शकते.

हिंगोली जिल्ह्याचे ठिकाणच असे आहे की इथल्या खेळाडूला हा प्रश्न इतरांपेक्षा लवकर गाठतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा लहान जिल्हा. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ, आणि तिथून संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची हद्द सुरू होते. वाशिमही त्याच विद्यापीठात. पश्चिमेला परभणी ओलांडून जालना गाठला की छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. आमच्या सोयरिकी या तिन्ही बाजूंना आहेत. लेक पुसदला दिली, वाशिमला दिली, मंठ्याला दिली, हे इथले रोजचे बोलणे. तुळशीचे लग्न आटोपले की बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, खो-खोत विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचू शकेल अशा मुलीचे लग्न ठरते. सासरच्यांनी पुढे शिकू दिले, खेळू दिले, तर ते घर कौतुकाचे. अशी घरे आता आहेत, आणि ती वाढावीत अशी आमची मनापासून इच्छा आहे. पण सासरच्या गावाजवळच्या कॉलेजात तिने नाव घातले की खेळाचे ते वर्ष गेले. पुढच्या वर्षी तिला मैदानावर यायला मिळेलच याची खात्री कोण देणार? लग्न झालेल्या खेळाडू मुलीचे एक वर्ष थांबणे म्हणजे बहुतेक वेळा कायमचे थांबणे असते. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ही मुलगी कधी आली असेल असे वाटत नाही.

आणखीही कारणे आहेत. दसरा झाला की ऊसतोडीला निघणारी कुटुंबे आमच्याकडे आहेत; आई-वडील फडात गेले आणि घरी धाकटी भावंडे असली की थोरल्याला वसतिगृह सोडून परत यावे लागते. कंत्राटी प्रशिक्षकाची नेमणूक संपते आणि ज्याच्या भरवशावर पोरगा त्या कॉलेजात गेला, तो माणूसच निघून जातो. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचे पाणी घराघरांत शिरले. तशा वेळी कोणत्या मुलाने कुठे शिकायचे हे पाणी ओसरल्यावर नात्यागोत्यातल्या लोकांना विचारून ठरते, क्रीडा परिपत्रक वाचून ठरत नाही.

आता दुसरी बाजू. ती तितकीच खरी आहे आणि ती नीट मांडल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. भारतीय विद्यापीठ संघाचा, म्हणजे एआययूचा, नियम असा आहे की एका शैक्षणिक वर्षात खेळाडूने एकाच विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करावे. तो नियमित, पूर्ण वेळ शिकणारा विद्यार्थी असावा आणि त्याचे वय १ जुलैला २५ वर्षांच्या आत असावे. हे नियम उगाच आलेले नाहीत. उसने खेळाडू आणून चषक जिंकण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. ज्याने वर्गाचे तोंड पाहिले नाही असा तयार खेळाडू सामन्याच्या आदल्या आठवड्यात हजेरीपटावर यायचा, चषक कपाटात लागला की पुन्हा दिसायचा नाही, आणि त्याच्यासाठी ज्या खऱ्या विद्यार्थ्याला संघातून काढले तो चार वर्षांच्या घामासह प्रेक्षकांत बसायचा. त्या विद्यार्थ्याचे रक्षण हा या नियमाचा जीव आहे आणि तो जीव जपलाच पाहिजे.

शिवाय आता खेळाच्या प्रमाणपत्राला किंमत आली आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी स्पर्धेचा दर्जा कोणता, स्थान कितवे, याची काटेकोर तपासणी होते. ती तपासणी कडक का झाली हे मराठवाड्याला सांगायला नको. ट्रॅम्पोलिन आणि टंबलिंगच्या बोगस प्रमाणपत्रांचे प्रकरण आपल्या विभागातूनच गाजले. रात्रंदिवस पळून पायांची सालटी काढणाऱ्या पोरांच्या जागा कागदी खेळाडूंनी खाल्ल्या, याची चीड अजून गेलेली नाही आणि जाऊही नये.

विद्यापीठांमधली चुरसही मोठी आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धांतल्या सर्वोत्तम कामगिरीसाठी मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ पासून दिला जातो. पतियाळाचे पंजाबी विद्यापीठ, अमृतसरचे गुरू नानक देव विद्यापीठ, चंडीगढचे पंजाब विद्यापीठ यांनी तो अनेकदा नेला. राष्ट्रीय क्रीडा पुरस्कार २०२४ मध्ये तो खासगी चंडीगढ विद्यापीठाकडे गेला आणि उपविजेते ठरले तेही खासगीच, लव्हली प्रोफेशनल विद्यापीठ. ही विद्यापीठे चांगल्या खेळाडूला शुल्कमाफी, वसतिगृह, खुराक, प्रशिक्षक सगळे देतात. आमच्याकडच्या एखाद्या मुलीला असे बोलावणे आले तर तिने जरूर जावे. जानेवारीच्या गारठ्यात हळदीच्या काढणीला जाण्याआधी पहाटे पाचला, खडे वेचलेल्या मैदानावर फक्कीच्या पुसट रेघांत सराव करणाऱ्या मुलीला मॅट, डॉक्टर आणि दोन वेळचे पोटभर जेवण मिळत असेल, तर तिला थांबवण्याचा अधिकार कोणालाच नाही. धोका वेगळा आहे. हंगाम अर्धा झाल्यावर कोणता संघ कुठे कच्चा आहे हे सगळ्यांना कळते, आणि मग पैशाच्या जोरावर दुसऱ्याचा भरवशाचा खेळाडू उचलायची इच्छा होते. मध्यावर दार सताड उघडे ठेवले तर लहान गावांतली कॉलेजे फक्त खेळाडू घडवून देतील आणि सामने खेळतील दुसरेच.

दार उघडे ठेवण्याचा आणि घट्ट लावण्याचा, असे दोन्ही अनुभव अमेरिकेने घेतले आहेत. तिथल्या महाविद्यालयीन खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएचा बराच काळ नियम होता की फुटबॉल, बास्केटबॉल अशा मोठ्या खेळांत कॉलेज बदलणाऱ्याने एक वर्ष बाहेर बसायचे. अडचणीत असलेल्याला सूट मागता येई, पण ती कोणाला मिळे, कोणाला नाही, याचा मेळ लागत नसे. २०२१ मध्ये एकदा बदलण्याची मुभा मिळाली. मग दुसऱ्यांदा बदलणाऱ्यांचा प्रश्न उभा राहिला. रेक्वान बॅटल हा मूळनिवासी समाजातला बास्केटबॉलपटू मोंटाना स्टेटमधून वेस्ट व्हर्जिनियात आला. आधीच्या कॉलेजातला त्याचा प्रशिक्षक दुसरीकडे निघून गेला होता. मानसिक स्वास्थ्याचे कारण देऊन त्याने सूट मागितली, ती नाकारली गेली. डिसेंबर २०२३ मध्ये, काही राज्यांनी मिळून केलेल्या दाव्यात, फेडरल न्यायालयाने त्या नियमाला तात्पुरती स्थगिती दिली आणि तो मैदानात उतरला. एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने बंधन जवळजवळ काढूनच टाकले. आता तिथे दर वर्षी हजारो खेळाडू कॉलेजे बदलतात, प्रशिक्षकांना आपला संघ ओळखीचा वाटत नाही, आणि पैशाची भाषा खुलेआम चालते. एवढे सगळे सैल करूनही एक गोष्ट त्यांनी राखून ठेवली, ती अशी की ज्या शैक्षणिक वर्षात एका कॉलेजाकडून प्रत्यक्ष स्पर्धा खेळलास, त्याच वर्षात त्याच खेळात दुसऱ्याकडून खेळायचे नाही. म्हणजे मूळ नियमात शहाणपण आहे हे तिथेही मान्य झाले. मोडला तो नियम माणूस न पाहता लावण्याचा हट्ट, आणि तो त्यांनी आपण होऊन सोडला नाही, न्यायालयाने सोडायला लावला. आपल्याकडे वेळ अजून गेलेली नाही.

घरचेच उदाहरण घ्यायचे तर क्रिकेटचे आहे. यशस्वी जयस्वाल याने एप्रिल २०२५ मध्ये मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र मागितले, पुढच्याच महिन्यात विचार बदलला, आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला परत सामावून घेतले. त्याच वर्षी पृथ्वी शॉ रीतसर ना हरकत घेऊन महाराष्ट्राच्या संघात आला. दोघांच्याही बाबतीत काही गैर झाले असे आम्ही म्हणत नाही. उलट, हे असेच व्हायला हवे: अर्ज करावा, कारण सांगावे, संघटनेने ठरावीक काळात उत्तर द्यावे, आणि मन बदलले तर परतीची वाटही असावी. आमचे म्हणणे इतकेच की ही सोय ज्याच्यामागे नाव आहे त्याच्यापुरती राहू नये. कुरुंद्याच्या खो-खोपटूचा अर्जही कोणीतरी टेबलावर घेऊन वाचावा.

यात सरकारी धोरणातली एक विसंगती उघड दिसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्याला मधूनच बाहेर पडायची आणि पुन्हा शिरायची मोकळीक दिली. जुलै २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँक सुरू झाली. एका विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक दुसऱ्यात नेता येतात. २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने वर्षातून दोनदा, जुलै-ऑगस्टमध्ये आणि जानेवारी-फेब्रुवारीमध्ये, प्रवेश देण्याची मुभा जाहीर केली. अभ्यासात वर्षाच्या मध्यावर विद्यापीठ बदलणे आता धोरणालाच अपेक्षित आहे. खेळाच्या पात्रतेचा अर्ज मात्र अजून अशा काळातला आहे, जेव्हा विद्यार्थी जूनमध्ये एका कॉलेजात शिरायचा आणि तीन वर्षांनी पदवी घेऊनच बाहेर पडायचा. श्रेयांक नवीन विद्यापीठात पोचतात, खेळाडू दारात अडतो. हे जुळवून घेण्याचे काम कोणी केलेलेच नाही.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, झोनचा सामना आणि विद्यापीठाचे प्रतिनिधित्व यांची गल्लत थांबवावी. एआययूचा नियम विद्यापीठाच्या प्रतिनिधित्वाविषयी आहे. ज्या मुलीने आपल्या कॉलेजासाठी झोनचे दोन सामने खेळले आणि जी आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरलीच नाही, तिने कोणत्याही विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेले नाही. नव्या विद्यापीठाने तिला किमान निवड चाचणीला तरी उभे राहू द्यावे. इथे अनेकदा नियमापेक्षा भीती मोठी ठरते. उद्या कोणी हरकत घेतली, संघ बाद झाला, तर बोलणी कोणी खायची, या विचाराने क्रीडा संचालक सगळ्यात सुरक्षित उत्तर देतात, आणि सुरक्षित उत्तर नेहमी ‘नाही’ असते. आम्ही त्यांना दोष देत नाही. त्यांच्या हातात स्पष्ट परिपत्रक असेल तर तेच पहिले ‘हो’ म्हणतील, कारण चांगला खेळाडू बाहेर बसलेला पाहणे त्यांच्याच जिवावर येते.

दुसरे, कारण पाहावे. कॅपच्या फेरीत लागलेली जागा, लग्न, आई-वडिलांचा मृत्यू किंवा बदली, पूर-भूकंपासारखी आपत्ती, अभ्यासक्रम किंवा वसतिगृह बंद होणे: ही कारणे कागदाने सिद्ध होतात. कॅपच्या जागावाटपाच्या पत्रावर तारीख छापलेली असते. विवाह नोंदणीचा दाखला ग्रामपंचायतीत मिळतो. यात लपवाछपवीला फारशी जागा नाही. अशा कारणाने आलेल्या खेळाडूला त्याच हंगामात खेळू द्यावे. कारण दाखवता येत नसेल, आणि खेळाडू आल्याबरोबर संघाला आर्थिक किंवा इतर लाभ झाल्याचे दिसत असेल, तर वर्षभराचे बंधन जरूर लावावे. मात्र ते लावताना खेळाडूबरोबर त्याला बोलावणाऱ्या संस्थेलाही त्या खेळात एक वर्ष बाहेर बसवावे. आज दंड भोगतो तो अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. ज्या मोठ्यांनी त्याला आणले त्यांना काहीच होत नाही.

तिसरे, उत्तर लेखी आणि मुदतीत द्यावे. दहा दिवस पुरेसे आहेत. आमच्याकडच्या मुलांना ‘नाही’ हे तोंडी सांगितले जाते. मैदानाच्या कडेला उभ्या उभ्या ऐकलेल्या नकाराविरुद्ध दाद कशी मागणार? कागद हातात असला तर वरच्या समितीकडे जाता येते. ती समिती विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाने नेमावी, तिच्यात जुना खेळाडू असावा आणि एक महिला असावी. पैनगंगेपलीकडे लग्न होऊन गेलेल्या मुलीचे वर्ष म्हणजे काय, हे त्या टेबलावर कोणाला तरी समजले पाहिजे.

आणि ज्याला बाहेर बसवायचेच असेल त्याला निदान सराव करू द्यावा. वसतिगृह, खुराक, व्यायामशाळा, प्रशिक्षक यांपैकी काहीही त्या वर्षात काढून घेऊ नये. विशीतल्या धावपटूचे किंवा कबड्डीपटूचे एक वर्ष हे नोकरदाराच्या एका वर्षासारखे नसते. वयाची मर्यादा पंचविशीला येते, त्यातली बारावीनंतरची वर्षे जेमतेम सात, त्यात एखादी दुखापत आणि एखादे नापासाचे वर्ष. राहिलेल्या चार-पाच हंगामांतला एक कागदाच्या घोळात गेला तर तो पोलीस भरतीच्या मैदानावर दिसतो, क्रीडा आरक्षणाच्या यादीत दिसतो, आणि घरात तर रोजच दिसतो. ‘खेळून काय मिळालं?’ हा प्रश्न विचारायला आमच्याकडे माणसे कमी नाहीत.

ज्यांनी खेळाडू घडवला त्यांच्याबद्दलही बोलायला हवे, नाही तर हा विचार एकांगी राहील. जागतिक फुटबॉलमध्ये फिफाचा नियम आहे की करार चालू असताना खेळाडू पैसे मोजून दुसऱ्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. आपल्या विद्यापीठीय खेळात असा पैसा फिरत नाही, त्यामुळे तसाच नियम आणता येणार नाही. पण नोंद तर ठेवता येईल. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर खेळाडूच्या विद्यापीठाबरोबर त्याच्या पहिल्या शाळेचे किंवा मंडळाचे नाव छापावे, आणि क्रीडा अनुदान देताना ती नोंद मोजावी. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाने सहावीतल्या मुलीला स्वतःच्या पैशाने बूट घेऊन दिले, ती चंडीगढकडून खेळली, तर तो बुटांचा जोड निदान एका ओळीत तरी दिसला पाहिजे. खेळाडू निघून जाण्याचा सल लहान गावांना आहेच. त्यांचे नाव राहिले तर ती माणसे तिला जाऊ देताना मोठ्या मनाने जाऊ देतील.

कुरुंदा हे विचारवंत नरहर कुरुंदकरांनी आडनावात वागवलेले गाव. इंटरची परीक्षा त्यांना पुन्हा पुन्हा हुलकावणी देत राहिली, आणि तरीही पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य म्हणून मराठवाड्याने त्यांच्यासमोर मान झुकवली. कागदावरची पात्रता आणि अंगातली पात्रता यांत किती अंतर असू शकते, हे आमच्या परिसराला कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताने पुरुष आणि महिला ही दोन्ही विजेतेपदे जिंकली. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. गावच्या मातीतला खेळ जगाच्या मॅटवर गेला. त्या वाटेवर चालणारी आणखी मुले आमच्या गावांत आहेत. त्यांतली काही या हंगामात फक्त टीसी बदलल्यामुळे घरी बसली आहेत.

जून-जुलैमध्ये विद्यापीठांची नवी क्रीडा परिपत्रके निघतील. त्याआधी क्रीडा मंडळांच्या बैठका होतात. नांदेडच्या विद्यापीठाने या बैठकीत पुढाकार घ्यावा, अमरावती, छत्रपती संभाजीनगर आणि परभणीच्या विद्यापीठांना सोबत घ्यावे आणि वर्षाच्या मध्यावर कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंसाठी चौघांचे मिळून एकच परिपत्रक काढावे. हिंगोलीच्या चारही दिशांना यांच्याच हद्दी आहेत, तेव्हा निम्म्याहून अधिक प्रश्न तिथेच सुटेल. उरलेल्यासाठी एआययूकडे प्रस्ताव पाठवता येईल, आणि राज्यपालांच्या ‘अश्वमेध’ या राज्यातल्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत तो नियम आधी लावून पाहता येईल. तोपर्यंत, ज्या क्रीडा संचालकांकडे या महिन्यात असा अर्ज पडून आहे, त्यांनी तो फाइलला लावण्याआधी त्या विद्यार्थ्याला समोर बोलावून त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि जो काही निर्णय असेल तो सही-शिक्क्यानिशी त्याच्या हातात द्यावा.